भैरीच्या वळणाचा आकडा

रंजना गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही. शिवा जंगमनं नुसतं विचारलं.

मंगळवार होता, सकाळचे पावणेअकरा. मी कोल्हापुरात ड्रायव्हिंगच्या केंद्रावर होतो. खुर्चीत बसलेल्या एका शिकाऊ माणसाच्या कानामागं पट्टा बसवत होतो. फोन वाजला. शिवाचा होता. शिवानं आणि मी वीस वर्षं एकाच डेअरीचे टँकर चालवले. तो अजून चालवतो.

"हिंदुराव, तुमची पांढरी गाडी आज कुणाकडं हाय?"

"घरीच हाय की. का?"

असं बोललो आणि मग आठवलं की ती घरी नाही. सकाळी आठला रंजना घेऊन निघाली होती. शेजारच्या सीटवर डबा ठेवला होता, त्यात सांज्याच्या पोळ्या होत्या.

"न्हाई, रंजना घेऊन गेलीया. आईकडं, खाली खारवड्याला."

टँकरचा हँडब्रेक ओढल्याचा फुस्स आवाज मला फोनवर ऐकू आला. घाटात, वळणावर कुणी टँकर उभा करत नाही.

"तुम्ही या," तो म्हणाला. "भैरीच्या वळणावर या. संगं कुणाला तरी घ्या. एकट्यानं गाडी मारू नका."

मी हिंदुराव मगदूम. वय एकसष्ट. मला लिहायची सवय नाही. टँकरच्या फेऱ्यांच्या वहीपलीकडं मी कधी काही लिहिलेलं नाही. पण पोलिसांच्या पंचनाम्यात माझ्या बायकोबद्दल, रंजनाबद्दल, एक ओळ आहे, "वळणाचा अंदाज चुकल्याने, चालकाच्या चुकीमुळे वाहन दरीत कोसळले." ती ओळ खोटी आहे. अंदाज चुकला हे खरं आहे, पण तो तिचा नव्हता. कुणाचा होता ते मला माहीत आहे, म्हणून लिहितो.

भैरी घाटाला वरून खाली एकतीस वळणं आहेत. मी तो घाट सव्वीस वर्षं रोज चढलो आणि उतरलो. चौदाव्या वळणावर, उजव्या हाताला, एका मोठ्या आंब्याखाली भैरीचं लहानसं देऊळ होतं. देऊळ म्हणजे चार दगड, वर पत्रा आणि एक घंटा. तिथं आलं की प्रत्येक ड्रायव्हर रेसवरचा पाय काढतो, दोनदा हॉर्न मारतो, हात छातीला लावतो आणि पुढं जातो. हे कुठं लिहिलेलं नाही. मी पहिल्यांदा क्लीनर म्हणून त्या घाटात गेलो तेव्हा बिडी पेटवायच्या नादात देवाकडं बघायचं विसरलो. माझ्या उस्तादानं गाडी चालवता चालवता टोपी काढून माझ्या डोक्यात मारली. त्यानंतर मी कधी विसरलो नाही.

आमचं लग्न झालं तेव्हा रंजना बावीस वर्षांची होती. माहेर खारवडं, घाटाच्या पायथ्याशी, खाडीच्या अलीकडं. घरी एकटी आई. आम्हाला मूल झालं नाही, त्यामुळं तिचं जाणं-येणं, काळजी, भांडण सगळं तिच्या आईशीच. एसटी दिवसातून एकच जायची आणि तिला ती लागायची, उलट्या व्हायच्या. म्हणून ती मला म्हणायची, नेऊन सोडा. मी म्हणायचो, पुढच्या रविवारी. सहा दिवस घाट उतरलेल्या माणसाला सातव्या दिवशी परत घाट बघायचा नसतो. हे माझं खरं कारण होतं, पण मी ते तिला कधी सांगितलं नाही. नुसतं पुढच्या रविवारी म्हणायचो. महिन्यातून एखादा रविवार उजाडायचा.

एकदा तिनं हट्ट धरला, मलाच शिकवा, म्हणजे तुमच्या मागं लागायला नको. शिकवायला घेतलं. सपाटीवर बरं चाललं होतं. घाटात तिसऱ्या वळणावर ती वेगात आत शिरली आणि मी ओरडलो, "डोळं हायत का बटणं?" तिनं गाडी रस्त्याच्या मधोमध थांबवली, उतरली, मागचं दार उघडून मागं बसली आणि म्हणाली, "चला. आता मला पाहुणीसारखी न्या." मागं तीन ट्रक हॉर्न वाजवत होते. त्यानंतर अकरा वर्षं तिनं स्टेअरिंगला हात लावला नाही.

दोन हजार एकोणचाळीस साली पुण्याची एक कंपनी मला शोधत आली. मी नुकताच टँकरवरून उतरलो होतो, गुडघ्यामुळं. त्यांचा गाड्यांच्या शर्यतीचा गेम होता. पोरं खुर्चीत बसायची, समोर तीन बाजूंनी पडदा, हातात स्टेअरिंग, पायात पेडल. सगळे त्याला खुर्चीच म्हणायचे. आता त्यांना आपल्याकडचे घाट गेममध्ये घालायचे होते.

मैथिली सबनीस नावाची इंजिनिअर मुलगी होती, सत्तावीस वर्षांची. तिनं मला ते काम समजावून सांगितलं. ती मला काका म्हणते.

"काका, गेममध्ये सरळ रस्त्यावर कुणी मरत नाही. सगळे अवघड वळणावर मरतात. चांगला खेळाडूसुद्धा वळणात जास्त वेगानं शिरतो. का, सांगा."

"घाई."

"नाही. अंग शांत असतं म्हणून."

मग तिनं सांगितलं ते असं. वळणाचा अंदाज आपण दोन गोष्टींवरून घेतो. एक डोळा. वळणाच्या आतल्या बाजूला रस्त्याची कड जिथं मोडल्यासारखी दिसते, तिथं ड्रायव्हरची नजर जाते. ती जागा जितक्या लवकर बाजूला सरकते तितकं वळण आवळलेलं. दुसरा कान. कानाच्या आत पाण्यानं भरलेल्या बारीक नळ्या असतात आणि चुन्याच्या कणांच्या दोन गाद्या असतात. गाडी वळली की ते पाणी मागं राहतं, कण एका बाजूला ओढले जातात, आणि मेंदूला कळतं की आपण बाहेर फेकले जातोय. मान आपोआप ताठ होते, पाय आपोआप उठतो. गेममध्ये फक्त डोळा असतो. अंग खुर्चीत गार बसलेलं. म्हणून अंदाज अर्धाच.

त्यांनी त्यावर पट्टा काढला होता. तो कानामागं बसतो आणि अगदी हलका विजेचा प्रवाह सोडतो. मुंगी चावल्याएवढंही कळत नाही. पण मेंदूला वाटतं की अंग ओढलं जातंय. मी पहिल्यांदा लावला तेव्हा खुर्ची तसूभर हलली नव्हती आणि मी दोन्ही हातांनी दांडी धरून बसलो होतो. मैथिली हसली.

"आता प्रश्न असा, की कुठल्या वळणावर किती ओढ द्यायची," ती म्हणाली. "रस्त्याची लांबीरुंदी विमानातून मोजली आहे. पण दाट झाडीखाली रस्ता बाहेरच्या बाजूला किती कलला आहे ते विमानाला दिसत नाही. ते तुमच्या मानेवरून काढायचं."

म्हणजे मी पट्टा लावून खऱ्या घाटात गाडी चालवायची. माझी मान किती ताणली, गाडीचा वेग किती होता, दोन्हींची नोंद व्हायची. वेग आणि ताण माहीत असला की रस्त्याचा कल गणितानं निघतो. शिवाय प्रत्येक वळणाआधी मी मोठ्यानं सांगायचं, डावं की उजवं आणि एक ते नऊपैकी किती. एक म्हणजे नुसता बाक, नऊ म्हणजे गाडी आपल्याच शेपटीकडं बघते असं वळण. तेच पुढं गेममध्ये खेळाडूला माझ्या आवाजात ऐकू येणार होतं.

मी घाट अकरा वेळा उतरलो. शेवटी मैथिलीनं मला पडद्यावर एक रेघ दाखवली.

"चौदाव्यावर तुम्ही दर वेळी बाराच्या वेगावर येता. अकराच्या अकरा वेळा. आजूबाजूला सगळीकडं पस्तीस-चाळीस आहे."

"देव हाय तिथं."

"वळण अवघड आहे म्हणून नाही?"

"छ्या. वळणाचं काही नाही. देवासाठी."

"आणि हॉर्न?"

"हॉर्न काय वळणाला मारत्यात व्हय?"

तिनं काहीतरी टिपून घेतलं. "मग चहाला थांबलात तसंच हे धरते. हा वेग काढून टाकते आणि तेराव्या-पंधराव्या वळणावरचा वेग तिथं भरते. चालेल?"

"काढा की," मी म्हणालो.

त्या वळणाला मी तीन आकडा दिला होता. माझे शब्द असे होते, "उजवं, तीन. इथं काही नाही." मी खोटं बोललो नव्हतो. सव्वीस वर्षांत त्या वळणावर मला कधीच काही झालं नव्हतं.

गेम चालला. पुढं सरकारनं घाटात गाडी चालवायला वेगळा परवाना काढला आणि शिकवायला हाच गेम घेतला. चाळीस तास खुर्चीवर, मग एक परीक्षा, आणि परवाना मिळाल्यावर पहिले सहा महिने खऱ्या गाडीतही पट्टा लावायचा, म्हणजे वळणाआधी आवाज आणि हलकी ओढ मिळते. त्या केंद्रावर मला शिकवायला ठेवलं आणि घरी सरावाला एक खुर्ची दिली. त्याच सुमाराला घाटाचा रस्ता रुंद केला, वळणं मात्र होती तशीच ठेवली. भैरीचं देऊळ उचलून वर, पहिल्या वळणाअलीकडं नेलं. आता त्याला फरशी आहे आणि गाड्या लावायला जागा. आंबा तेवढा जागेवर राहिला. नवीन ड्रायव्हर वरच पाया पडतात आणि मोकळे होतात.

पहिले दोन महिने रंजना त्या खुर्चीच्या आजूबाजूनं केर काढायची. एके दिवशी मी केंद्रावरून आलो तर ती खुर्चीत. पट्टा उलटा लावला होता. पडद्यावर गाडी ओढ्यात होती.

"सांगू का कसं लावायचं?" मी म्हणालो.

"तुम्ही नका सांगू. हा सांगतोय की." तिनं पडद्याकडं हात केला. "ह्यो हिंदुराव बरा हाय. एवढ्या येळा पडले, एकदा तरी ओरडला का बघा."

मग रोजच बसायला लागली. मशीनमधला माझा आवाज वळण सांगायचा आणि ती प्रत्येक वेळी म्हणायची, "बरं." डावं, पाच, पुढं आवळतं. बरं. उजवं, दोन. बरं. घरात बसून मला ते ऐकू यायचं. लग्नाला तीस वर्षं होऊन गेली होती, तिनं माझं इतकं मुकाट्यानं कधी ऐकलं नव्हतं. खरं सांगायचं तर माझं मन थोडं खट्टू व्हायचं. मी मागं जाऊन उभा राहायचो आणि न राहवून काहीतरी सांगायचो, "आतली कड बघ, पुढं कशाला बघतीस." एकदा ती मागं न वळता म्हणाली, "जरा गप बसा. मला तुमचं ऐकू द्या."

ती चांगली खेळायला लागली. कॉलेजची पोरं शर्यतीत तिच्या मागं राहायची. शर्यतीच्या यादीत तिचं नाव 'मगदूम काकी' असं लावलं होतं, चारशेत सहावी. शिवा घरी आला की तिला मुद्दाम विचारायचा, "काकी, टँकर देऊ का उद्या?" ती म्हणायची, "तुमचा टँकर नको बाबा, दूध नासंल माझ्या वेगानं."

एक दिवस मला नीट आठवतो. मी जेवत होतो. ती खुर्चीत होती, घाट उतरत होती. चौदावं आलं. माझा आवाज म्हणाला, उजवं, तीन, इथं काही नाही. ती "बरं" म्हणाली आणि चाळीसनं वळण काढून पुढं गेली. मग गाडी थांबवली.

"अहो, इथं तुम्ही हॉर्न न्हाई मारला?"

"मारलावता. त्यांनी काढून टाकला."

"आणि हळू हुयाचं?"

"ते पण काढलं. मशीनमध्ये देव कुठला आला?"

"मग मी हळू हुऊ का नको?"

मी ताटातली आमटी ओरपत होतो. "कुणासाठी हळू हुतीस? देव वर गेला की. चार माणसं रस्त्यानं जात्यात तसं जा."

"बरं," ती म्हणाली.

परवाना तिला पहिल्या फेरीत मिळाला. परीक्षा दुसऱ्या घाटात झाली. मी शिवाच्या ओळखीनं एक जुनी पांढरी गाडी घेतली, आपणहून ब्रेक मारणाऱ्या नव्या गाड्यांतली नव्हे, साधी. त्या रविवारी आईकडं दोघांनी जायचं ठरलं होतं. शनिवारी केंद्रावरून सांगितलं की जादा बॅच आहे. मी रंजनाला म्हणालो, पुढच्या रविवारी जाऊ.

तिनं वाद घातला नाही. पोळ्यांसाठी रवा भाजत होती. "तुमचा रविवार तुमच्यापाशी ठेवा. मी मंगळवारी जाऊन येते," म्हणाली.

मंगळवारी मी तिला दारातून हात केला. तिनं कानामागं हात लावून पट्टा नीट बसलाय ना ते बघितलं. मला अभिमान वाटला, हे पण लिहून ठेवतो.

सासूबाईंना त्यांच्या पुतण्यानं लांबच्या रस्त्यानं, दुसऱ्या घाटातून आणलं. त्या एक्याऐंशीच्या आहेत, कानानं जवळजवळ बहिऱ्या. दहाव्याच्या दिवशी सगळे गेल्यावर त्या माझ्याजवळ येऊन बसल्या.

"तिचा हात लहानपणापासून धांदरट," त्या म्हणाल्या. "भरली घागर कधी नीट आणली नाही. वळण कळलं नसेल तिला. जावईबापू, तुम्ही तिला नको म्हणायचं होतं."

मी मान हलवली. तेव्हा मला खरं माहीत नव्हतं. मलाही तसंच वाटलं होतं. पण मी 'हो' अशी मान हलवली, आणि ते बघून त्या रडायला लागल्या, कारण त्यांना वाटलं होतं मी नाही म्हणेन.

दीड महिन्यानं मैथिली घरी आली. पट्ट्यात प्रत्येक फेरीची नोंद राहते, ती पोलिसांकडून परत मिळाली होती. तिनं एकटीनं ऐकली होती. चहा नको म्हणाली आणि फोन माझ्यासमोर ठेवला.

बारावं, तेरावं. रंजनाचा वेग अडतीस. मग माझा आवाज. "उजवं, तीन. इथं काही नाही."

"बरं."

नंतर काही सेकंद टायरचा आवाज आणि मग आवाज संपतो.

मैथिली खाली बघत होती. "तीनच्या वळणाला अडतीस बरोबर आहे, काका. सांगितलं तसंच केलं काकूंनी. काही चुकलं नाही त्यांचं."

मी नोंद परत एकदा लावून ऐकली. मग म्हणालो, "म्हणजे वळण तीनचं न्हाई."

तिला ते आधीच कळलं होतं. मला समजेल असं तिनं सांगितलं. त्या वळणावर माझा खरा वेग बारा होता, म्हणून मान कमी ताणली. आम्ही बारा काढून टाकले आणि तिथं चाळीस भरले. मानेचा ताण मात्र बाराचाच राहिला. मशीननं हिशेब केला की चाळीसच्या वेगाला या माणसाची मान एवढी सैल, म्हणजे रस्ता आतल्या बाजूला कललेला असणार, सोपा असणार. गेममधल्या त्या वळणावर गाडी घसरतच नव्हती. रंजना तिथून दीडशे वेळा तरी गेली असेल.

"मी विचारायला हवं होतं," मैथिली म्हणाली. "मी परत मोजायला हवं होतं."

"तू इचारलंवतंस की," मी म्हणालो. "मीच सांगितलं, वळणाचं काही न्हाई."

दुसऱ्या दिवशी शिवाला घेऊन त्या वळणावर गेलो. शिवानं गवंड्याकडून सहा फुटी फळी आणि पाणसळ आणली होती. रस्त्यावर फळी ठेवली, पाणसळीतला बुडबुडा मधोमध येईपर्यंत बाहेरची बाजू उचलली आणि खालची फट मोजली. चार बोटं. रस्ता दरीकडं कललेला होता, आणि वळण अर्ध्यातून पुढं आवळत होतं. आंब्यामुळं ते आवळणं वरून दिसत नाही. शिवा दोनदा मोजून उठला.

"आयला," तो म्हणाला. "एवढी वर्षं म्या हितनं टँकर काढलाय."

"कितीनं?"

"धा, बारा. हॉर्न मारून." मग त्यालाच समजलं आणि त्यानं फळी उचलून बाजूला ठेवली.

ज्या कुणी तिथं भैरी बसवला त्यांना ते वळण माहीत असणार. बैलगाड्या दरीत गेल्या असतील. आम्हाला फक्त पाय काढायचं शिकवलं आणि आम्ही ते देवाच्या नावावर टाकून मोकळे झालो.

मी म्हणालो, एकदा पाय न काढता जाऊन बघायचं, किती ओढतं ते. शिवा शेजारी बसला. वरून निघालो. तेराव्यापर्यंत अडतीस ठेवला. चौदाव्याला माझा पाय उठला. परत वर गेलो. परत उठला. चार वेळा केलं. मी मनात म्हणत होतो, आता देव नाही, पाय काढायचा नाही, तरी आंबा दिसला की पाय आपोआप उठायचा. चौथ्या वेळी शिवानं हातानं स्टेअरिंगवर दोनदा हॉर्न मारला आणि म्हणाला, "बास करा, हिंदुराव. चला घरी."

आकडा बदलायला दोन दिवस लागले. मैथिलीनं पाणसळीचं माप मशीनमध्ये घातलं, वळण सातचं निघालं. माझा आवाज मशीन स्वतः बनवू शकतं, पण मी केंद्रावर जाऊन तोंडानं बोललो. "उजवं, सात. पुढं आवळतं. पाय काढा. दोनदा हॉर्न मारा." मैथिलीनं विचारलं, हॉर्न ठेवायचा का. मी म्हणालो, ठेव, आणि काही काढू नकोस. त्या घाटाचा सराव करणारे दोन हजारांवर लोक होते, सगळ्यांना सूचना गेली. कंपनीनं तिच्यात लिहिलं, "स्थानिक बदलांनुसार सुधारणा." त्यात रंजनाचं नाव नव्हतं आणि माझंही नव्हतं.

म्हणून मी पोलीस ठाण्यात लेखी जबाब दिला. मैथिलीनं शेजारी बसून स्वतःचा वेगळा दिला, वरिष्ठांनी नको म्हटलं असतानाही. तिथल्या साहेबांनी दोन्ही वाचले. म्हणाले, "तुम्ही स्वतःवर कशाला घेताय? मयत तुमचीच बायको आहे." मी म्हणालो, म्हणूनच. त्यांनी कागद फाईलला लावले. ती ओळ बदलायला वेळ लागेल, पण बदलेल असं सांगितलं.

मशीन दुरुस्त झालं. पंचनामाही कधीतरी होईल. केंद्रावर मी अजून शिकवतो. शिकणाऱ्यांना मी आता एक गोष्ट विचारतो, जुने लोक कुठं थांबतात ते बघितलंत का, आणि का थांबतात ते मोजलंत का. पोरं मान हलवतात आणि पट्टा लावतात.

संध्याकाळी घरी येतो तेव्हा खुर्ची तशीच असते. यादीत मगदूम काकी सहावरून एकोणतीसवर गेली आहे. नवीन पोरं पुढं गेली. मी एकदा खुर्ची चालू केली होती. मशीनमधला माझा आवाज म्हणाला, डावं, पाच. मी बंद केली. त्याला बरं म्हणणारं कुणी नव्हतं.

सासूबाई खारवड्याला एकट्या आहेत. दर आठ दिवसांनी फोन करतो. त्यांना फोनवर काही ऐकू येत नाही. "कोण? हिंदुराव? जेवलात का?" एवढं विचारतात आणि उत्तर न ऐकता स्वतःच बोलत राहतात. मागच्या वेळी म्हणाल्या, शेजारची सून गाडी शिकायची म्हणते, मी तिला सांगितलं, आमच्या रंजीचं काय झालं बघ, आपल्या बायकांना घाट कळत नाही.

मी फोनवर ओरडून सांगायचा प्रयत्न केला. "तिचं काही चुकलं नाही," म्हणालो. त्या म्हणाल्या, "हो हो, पाऊस झाला."

त्यांना समोर बसून, कानाशी तोंड नेऊन सांगावं लागेल. आकडा माझा होता. मी तिला चार माणसं रस्त्यानं जातात तसं जा म्हणालो होतो. तुम्ही तसं म्हणालात तेव्हा मी मान हलवली ती चुकीची हलवली. तुमच्या लेकीला वळण कळत होतं.

लांबच्या रस्त्यानं जाता येतं, पण मला भैरी घाटानंच गेलं पाहिजे असं वाटतं. चौदाव्यापर्यंत मी जाऊन आलो आहे. ती गेल्यापासून त्याच्या खाली अजून उतरलेलो नाही. शनिवारी गाडी पुसून ठेवतो, डबा भरतो. रविवारी सकाळी काहीतरी निघतं.

त्या मंगळवारनंतर सतरा रविवार झाले. सासूबाईंना मी अजून सांगितलेलं नाही.